व्यसनमुक्ती गटात जुना आघात सोसलेल्या सभासदाला काय विचारावे आणि काय विचारू नये?

प्रश्न : गटसमन्वयक, लातूर-धाराशिव सीमाभाग

नमस्कार. निवासी उपचार घेऊन गावी परतलेल्या लोकांचा आमचा एक साप्ताहिक गट आहे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही एका शाळेच्या वर्गात बसतो. बहुतेक जण दारूतून बाहेर आलेले आहेत, तर काही जण गर्द आणि झोपेच्या गोळ्यांमधून. आमच्यात कोणीही डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. मी स्वतःही याच वाटेने आलेला असून सध्या गटाची व्यवस्था पाहतो.

आमच्याकडे अशी पद्धत पडली आहे की, नवा सभासद थोडा रुळला की त्याने सर्वांसमोर आपली कहाणी अथपासून इतिपर्यंत सांगायची आणि जिथे तो अडखळेल तिथे जुन्या सभासदांनी प्रश्न विचारून ती पुरी करून घ्यायची. ‘पोटातले बाहेर पडल्याशिवाय बाटली सुटत नाही’ असे आमचे ज्येष्ठ म्हणतात, आणि अनेकांच्या बाबतीत त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

अडचण एका सभासदाची आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितो. वय चाळिशीच्या पुढे. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी ते शाळकरी मुलगा होते. आमच्या भागातील वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो की, त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून माणसे उशिरा घरी परतली, दमून झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या भिंती आणि माळवदे (मातीची सपाट छपरे) त्यांच्या अंगावर कोसळली. या सभासदांना ढिगाऱ्यातून जिवंत काढले गेले; घरातील सगळेच निघाले नाहीत. याहून अधिक त्यांनी कधी सांगितलेले नाही.

वर्गात ते दाराजवळच बसतात. वाऱ्यासाठी दार लोटून घेतले की अस्वस्थ होतात. एकदा एका ज्येष्ठाने प्रेमाने मागून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते इतके दचकले की त्यानंतर बैठकीत त्यांनी तोंड उघडले नाही. कहाणी सांगण्याची त्यांची पाळी आली की ते उठून जातात आणि अशा संध्याकाळी दोनदा त्यांची स्लिप झाली आहे, म्हणजे ते पुन्हा प्यायले आहेत. एरवी वर्षातले दहा-अकरा महिने ते नीट असतात. गणपती बसले की झोप उडते आणि विसर्जनाच्या सुमारास पुन्हा बाटली हातात येते.

ज्येष्ठांचे म्हणणे असे की, त्यांनी एकदाचे सगळे बोलून मोकळे व्हावे, अन्यथा ‘भूकंपामुळे पितो’ ही कायमची सबब होऊन बसेल. मला मात्र त्यांना बोलते करण्याचे धाडस होत नाही. आम्ही त्यांना त्याविषयी विचारावे का? गटाच्या पद्धतीत काही बदल करावा का? आणि कोणत्या टप्प्यावर हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे?

उत्तर १ : मनोविकार विभागातील सामाजिक कार्यकर्ती

आपले धाडस होत नाही, ते योग्यच आहे. त्या रात्री काय घडले, हे गटात कोणीही विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या ज्येष्ठांचा समज केवळ आपल्याच गावचा नाही. आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत माणसाकडून सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत १९९० च्या दशकात जगभर लोकप्रिय होती. पुढे तिच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तिच्यामुळे नंतरचा त्रास टळत नाही असे दिसले, आणि एका चाचणीत तर तो वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटना आता ही पद्धत वापरू नये असेच सांगते. आपल्या सभासदांच्या बाबतीत तीन दशके उलटली आहेत, त्यामुळे हा दाखला तंतोतंत लागू होत नाही हे मान्य. परंतु ‘ओकून टाकले की बरे वाटते’ या गृहीतकाला आधार नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

दार, स्पर्श आणि भाद्रपद या आपण नोंदवलेल्या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच आहे. ज्याने जीवघेणा प्रसंग भोगला आहे, त्याच्या शरीरातील धोक्याची यंत्रणा अतिशय हलक्या खुणेवर जागी होते आणि तो माणूस विचार करण्यापूर्वीच त्याची छाती धडधडू लागते, घाम फुटतो, पाय बाहेरच्या दिशेने वळतात. दारू ही यंत्रणा काही तास दाबून टाकते, म्हणून ती औषधासारखी वाटते. मात्र तीच दारू झोपेचा दर्जा बिघडवते आणि उतरताना धडधड आणखी वाढवते. दारू सोडल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत दबलेली स्वप्ने पुन्हा वर येतात. म्हणजे ज्या काळात आपण नव्या सभासदाला उभे करून कहाणी विचारता, नेमक्या त्याच काळात आठवणींपासून बचाव करण्याचे त्याच्याकडचे एकमेव साधन नुकतेच काढून घेतलेले असते.

अशी माणसे आपल्या गटात एखाददुसरीच असतील असे समजू नका. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण अशा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची मोजणी केली होती. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट आढळला. त्यामुळे कोणाच्या मागे काय आहे हे न विचारता, प्रत्येकाच्या मागे काहीतरी असू शकते असे धरून बैठकीची रचना करणे शहाणपणाचे. अमेरिकेतील मानसिक आरोग्य व व्यसनविषयक सरकारी यंत्रणेने २०१४ साली आघाताचे भान ठेवून सेवा देण्याची जी सहा तत्त्वे मांडली, त्यांत सुरक्षितता, विश्वास आणि स्वतःची निवड यांच्याबरोबर ‘समदुःखी माणसाचा आधार’ हेही एक स्वतंत्र तत्त्व आहे. तेव्हा आपला गट ही उपचाराची दुय्यम जागा आहे, असा न्यूनगंड बाळगू नका.

रचना म्हणजे काय, तर फार साध्या गोष्टी. दार उघडे ठेवावे. बैठक किती वेळ चालेल आणि तिच्यात काय होईल, हे सुरुवातीलाच सांगावे आणि ते पाळावे. ‘आज मी फक्त ऐकणार आहे’ हे वाक्य कारण न देता म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, आणि तो हक्क जुन्या सभासदांनी स्वतः अधूनमधून वापरून दाखवावा, म्हणजे नव्याला संकोच वाटणार नाही. कोणालाही विचारल्याशिवाय हात लावू नये. उठून बाहेर गेलेल्या माणसाच्या मागे सगळ्यांनी धावू नये. आधी ठरलेल्या एकाने दाराबाहेर थोड्या अंतरावर थांबावे आणि पाणी हवे का, एवढेच विचारावे. बोलणारा भूतकाळात ओढला जातो आहे, नजर हरवली आहे, श्वास उथळ झाला आहे, असे दिसले तर त्याला पुढचा प्रश्न न विचारता वर्तमानात आणावे : तळवे जमिनीवर टेकवायला सांगावे, समोरच्या भिंतीवर काय काय दिसते ते मोजायला सांगावे, थंड पाण्याने तोंड धुवायला सांगावे.

विचारायचेच असेल तर आजचे विचारावे. झोप लागते का, संध्याकाळ कशी जाते, आज रात्रीसाठी काय हवे आहे. या प्रश्नांची उत्तरे देताना माणसाला ढिगाऱ्याखाली परत जावे लागत नाही.

उत्तर २ : जुना सभासद, मुंबई

मी अनेक वर्षे एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या) बैठकांना जातो. ताईंनी लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींशी सहमत आहे, तरी एक भीती मांडतो.

आपल्यासारखी माणसे कारणे शोधण्यात पटाईत असतात. बाप मारायचा म्हणून प्यायलो, बायको गेली म्हणून प्यायलो, पाऊस पडला म्हणूनही प्यायलो. गटाने आघाताला फार मोठे स्थान दिले, तर पिण्याला एक प्रतिष्ठित कारण मिळेल आणि ज्याच्याकडे तसे कारण नाही तो बिचारा स्वतःला कमी समजेल, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यामुळे बैठकीला न चुकता येणे, पिऊन आलेल्याने त्या दिवशी फक्त ऐकणे, स्लिप लपवून न ठेवणे हे नियम कोणासाठीही सैल करू नयेत.

पण समन्वयकांच्या ज्येष्ठांनाही एक सांगावेसे वाटते. सर्वांसमोर उभे करून प्रश्न विचारण्याची पद्धत त्यांनी कुठून उचलली, मला ठाऊक नाही. एए १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली, ती एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्यातून, उलटतपासणीतून नव्हे. आमच्या बैठकीत एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये प्रश्न करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, हा संकेत आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये स्वतःचा सगळा हिशेब मांडण्याची पायरी आहे, ती चौथी. तो हिशेब दुसऱ्याजवळ उघड करण्याची पायरी पाचवी. आणि तिथेही देवाखेरीज ‘एका’ माणसाजवळ असेच म्हटले आहे. तो माणूस ज्याने त्याने निवडायचा असतो. मला तर वाटते की, तुमच्या सभासदाने आयुष्यभर ती रात्र गटात सांगितली नाही तरी त्यांच्या सोबर (दारूपासून दूर) राहण्याला काही बाधा येणार नाही.

उत्तर ३ : एक सभासद, पुणे

मी स्त्री आहे आणि दारूतून बाहेर आले आहे. मुंबईच्या काकांच्या ‘सबबी’च्या मुद्द्यावर थोडे लिहिते, कारण हा शब्द मी फार ऐकला आहे.

कारण ओळखणे आणि जबाबदारी झटकणे या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही. मी का पीत होते हे मला समजले, तेव्हाच न पिण्यासाठी नेमके काय करावे लागेल हेही समजले. सभासदांना गणपतीचे दहा दिवस जड जातात हे कळले, तर त्या दहा दिवसांची तयारी करता येते; न कळले तर दर वर्षी आपण त्यांच्या ‘इच्छाशक्ती’ला दोष देत राहतो.

दुसरे असे की, आघात नेहमी व्यसनाच्या आधीचाच असतो असे नाही. पुष्कळांना तो उपचाराच्या नावाखाली मिळालेला असतो. मला ज्या केंद्रात पहिल्यांदा नेले, तिथे मला मध्यरात्री घरातून उचलून गाडीत घातले गेले, नंतर खाटेला बांधले गेले आणि बांधणाऱ्यांमध्ये पुरुष होते. गटांमध्ये ‘उचलून नेण्याचे’ किस्से हशा पिकवत सांगितले जातात. हसणाऱ्यांपैकी काही जणांचे हात त्या वेळी थरथरत असतात, एवढे पाहायला शिका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था समाविष्ट आहेत, आणि त्याच्या कलम ९५ नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. कलम ९७ शारीरिक बंधनाला परवानगी देते ती फक्त तातडीचा धोका टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि कमीत कमी वेळेसाठी. शिक्षा म्हणून कधीच नाही. हा कायदा गटात एकदा वाचून दाखवावा. आपल्यावर झाले ते ‘चालायचेच’ नव्हते, हे कळल्यावर काही माणसे प्रथमच ताठ बसतात.

स्त्रियांसाठी शक्य असेल तिथे वेगळी बैठक ठेवावी. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला, तो काही उगाच नाही. ज्या स्त्रीवर घरात अत्याचार झाला आहे, तिच्यावर पुरुषांनी भरलेल्या खोलीत ‘मी दारूपुढे हतबल आहे’ हे पहिल्या पायरीचे वाक्य म्हणण्याची सक्ती करू नये. अनेकांना ते वाक्य तारते, हे मला मान्य आहे. मला ते बुडवत होते, आणि ‘माझ्या हातात अजून काय काय आहे’ अशी मांडणी केल्यावर पाय टेकायला जमीन मिळाली.

समन्वयकांना एक शंका : तपशील बदलले असले तरी लहान तालुक्यात माणूस ओळखता येतो. सभासदांनी हा मजकूर प्रत्यक्ष वाचला आहे का?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

होय, वाचला आहे. प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांनी दोन वाक्ये काढून टाकायला सांगितली आणि मी ती काढली. हे सांगताना त्यांना हसू आले. माझ्याविषयी काय लिहावे हे मला कोणी आजवर विचारलेच नव्हते, असे म्हणाले.

काकांचे पाचव्या पायरीविषयीचे स्पष्टीकरण मी ज्येष्ठांना वाचून दाखवले. त्यांच्यापैकी दोघांना पटले, एकाला अजिबात नाही. तूर्त उभे राहून कहाणी सांगण्याची पद्धत ऐच्छिक केली आहे आणि मध्ये प्रश्न विचारणे बंद केले आहे. पिऊन आलेल्याने फक्त ऐकायचे, हा नियम कायम आहे.

आता पुढचा प्रश्न. गणेशोत्सव जवळ आला आहे. विसर्जनाच्या रात्री नेमके काय करावे? शिवाय ते मला रात्री-अपरात्री फोन करतात. मी उचलतो, पण नंतर मला झोप लागत नाही आणि माझीही ओढ जागी होते, हे घरी कोणाला सांगता येत नाही.

उत्तर ४ : मनोविकार विभागातील सामाजिक कार्यकर्ती

आधी आपल्याविषयी. दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते, आणि ऐकणारा स्वतः व्यसनातून आलेला असेल तर क्रेव्हिंगही (पिण्याची तीव्र ओढ) होते. हे अपेक्षित आहे आणि यावर इलाजही आहे. रात्रीचे फोन एकाच माणसाने घेऊ नयेत. तिघांची पाळी लावावी, फोन किती वाजेपर्यंत उचलला जाईल हे सभासदांना स्पष्ट सांगावे आणि त्यानंतरच्या वेळेसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये भरून द्यावा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आणि चोवीस तास असून ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मर्यादा आधी सांगून पाळली तर ती माणसाला सुरक्षित वाटते. वाट्टेल तेव्हा फोन कर म्हणायचे आणि एके रात्री उचलायचाच नाही, यातून जुनी जखम अधिक चिघळते. ज्या दिवशी जड काही ऐकले असेल, त्या दिवशी आपणही दुसऱ्या एखाद्या जुन्या सभासदाला फोन करा. काय ऐकले ते न सांगता, मला काय होते आहे, एवढे सांगितले तरी पुरते.

विसर्जनाच्या रात्रीची आखणी सभासदांबरोबर बसून करावी, त्यांच्यासाठी परस्पर नव्हे. मिरवणुकीत राहायचे की आवाजापासून दूर जायचे, घरात झोपायचे की अंगणात, कोण सोबत असावे, पहाटे चारच्या सुमारास जाग आली तर काय करायचे, हे त्यांनी ठरवावे. भूकंपानंतर कित्येक वर्षे छताखाली न झोपणारी माणसे आपल्या भागात होती आणि त्यांना कोणी वेडे म्हटले नाही. तेव्हा त्यांना अंगणात खाट टाकायची असेल तर टाकू द्या. कदाचित ते काही विधी करू इच्छितील, कदाचित तो दिवस साधेपणाने घालवू इच्छितील. आखणी एका कागदावर लिहून त्यांच्याच खिशात ठेवावी, आणि घरच्यांपैकी कोणाला ती दाखवायची हेही त्यांनाच विचारावे.

डॉक्टरांकडे कधी न्यावे, याचे उत्तर त्यांच्या बाबतीत ‘आताच’ असे आहे. उत्सव सुरू होण्याआधी. दर वर्षी ठरावीक काळात झोप उडणे, दचकणे, बंद खोली टाळणे या सगळ्यांवर उपचार उपलब्ध आहेत. आधी वर्षभर सोबर राहा, मग आघाताचे पाहू, असा आग्रह धरण्याचीही गरज नाही : ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आघात आणि व्यसन या दोहोंवर एकत्र उपचार घेतलेल्यांचा आघाताचा त्रास अधिक कमी झाला आणि त्यामुळे व्यसन बळावले नाही. आठवणींवर थेट काम करायचे ते मात्र प्रशिक्षित उपचारकानेच. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात त्यांना नेता येईल. त्यांची हरकत नसेल तर पहिल्या भेटीला गटातील कोणीतरी बरोबर जावे, दाराजवळची खुर्ची मागून घ्यावी आणि ‘भूकंपाविषयी आज विचारू नये, झोपेपासून सुरुवात करावी’ असे त्यांचे म्हणणे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

दोन प्रसंगी मात्र थांबू नका. जगण्यात अर्थ नाही, मीही तेव्हाच जायला हवा होतो, अशी भाषा कानावर आली तर आडवळणाने न बोलता ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग स्लिपनंतरचा. काही दिवस सलग आणि भरपूर पिणे झाले असेल तर घरी कोंडून दारू एकदम तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, त्यामुळे ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

त्यांच्या घरच्यांना एक निरोप द्या. दारूचा तिटकारा यावा म्हणून काही घरांत जेवणात चोरून गोळी मिसळतात. त्या गोळीवर दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून मृत्यूही ओढवू शकतो. आणि हे पुढेमागे उघड झाले की तो माणूस घरातल्या ताटावरही विश्वास ठेवीनासा होतो.

उत्तर ५ : जुना सभासद, मुंबई

समन्वयक, ज्या ज्येष्ठांना पटले नाही त्यांच्यावर रागावू नका. त्यांना पाळीच्या फोनमध्ये पहिले नाव द्या. मला ठाऊक असलेले असे कठोर सभासद पहाटे तीन वाजता फार चांगले ऐकतात. आणि विसर्जनाच्या रात्री तुमच्या वर्गाची किल्ली मिळणार असेल तर तो उघडा ठेवा, चहा ठेवा. मिरवणुकीतल्या गर्दीतून आणि बाटल्यांमधून वाट काढणारे तुमच्या गटात ते एकटेच नसतील.